रणगाडा पोसायचा म्हणजे काय?

निवृत्तीनंतर मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न पेन्शनचा नाही आणि युद्धाचाही नाही. 'काय हो, रणगाडा विकत मिळतो का?' हा तो प्रश्न. सैन्याच्या ई.एम.ई. शाखेत, म्हणजे यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या शाखेत मी होतो आणि नोकरीचा मोठा काळ रणगाड्यांच्या पोटात शिरण्यात गेला. त्यामुळे विचारणारा गमतीनं विचारत असला, तरी मला उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

आपल्या देशात मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं तोफ निषिद्ध शस्त्रांत घातली आहे आणि सैन्यातून बाद झालेला रणगाडा खासगी माणसाच्या अंगणात जाऊ दिला जात नाही. आपल्याकडे लिलावात मिळायची ती जुनी जीप, जोंगा, फार तर शक्तिमान ट्रक. इंग्लंडमध्ये मात्र चिलखती गाडी मिळते, पट्ट्यांवर चालणारी गाडीही मिळते आणि राजरोस मिळते. मुलीकडे राहायला गेलो असताना असे काही मालक मला भेटले. त्यांच्या शेडमध्ये बसून चहा प्यालो, एक-दोघांच्या गाड्यांखाली आडवाही झालो. या हौसेची जमा बाजू कोणती आणि खर्चाची बाजू कोणती, हे आज सांगायचं आहे.

कोणती गाडी घ्यावी?

शीतयुद्ध संपल्यावर, म्हणजे १९९० नंतर, युरोपातली सैन्यं आकसली आणि शेकड्यांनी गाड्या विक्रीला निघाल्या. ब्रिटनमधल्या हौशी मंडळींत तीन जाती विशेष दिसतात.

पहिली 'फेरेट'. चार चाकांची, दोन माणसांची, टेहळणीची छोटी चिलखती गाडी. डेमलर कंपनीनं ती १९५२ ते १९७१ या काळात बनवली. आपल्या सैन्यानंही ती वापरली आहे. वजन चार टनांच्या आसपास, रोल्स रॉइसचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि पुढे जायला पाच गिअर तसे मागे जायलाही पाच. शत्रू दिसला की वळायला वेळ न घालवता तशीच उलटी पळायची, हा त्यामागचा विचार! मोठ्या गॅरेजमध्ये ती मावते, म्हणून नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी, असं तिथले जाणकार सांगतात.

पण तिची एक खोड आहे. तिच्या एका बाजूची पुढची-मागची चाकं दांड्यांनी अशी जोडलेली आहेत, की ती नेहमी एकाच गतीनं फिरतात. मातीत चाक थोडं घसरतं आणि ताण निघून जातो. डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, मग तो ताण दांड्यांत आणि गिअरमध्ये पीळ भरल्यासारखा साठत जातो. म्हणून जाणता मालक लांबच्या प्रवासात अधूनमधून गाडी रस्त्याकडेच्या मातीत घालतो किंवा एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवून खाली उतरवतो. बघणाऱ्याला वाटतं, यानं चाक चुकून चढवलं. तो बिचारा गिअरबॉक्स वाचवत असतो.

दुसरी 'एफव्ही ४३२'. ही सैनिकांना वाहून नेणारी, पट्ट्यांवर चालणारी पोलादी पेटी. वजन सुमारे पंधरा टन. तिचं इंजिन पाहिलं आणि मला जुना नातेवाईक भेटल्यासारखं झालं. आवडी येथे बनलेल्या आपल्या 'विजयंता' रणगाड्यात लेलँडचं एल-६० इंजिन होतं, हिच्यात रोल्स रॉइसचं के-६०. दोघं चुलत भाऊ. सिलिंडर सहा, पण प्रत्येकात समोरासमोर दोन पिस्टन आणि वर-खाली दोन क्रँकशाफ्ट. कल्पना फार हुशारीची. पण ज्यानं एल-६० ची गळती आणि तापणं भोगलं आहे, तो ती हुशारी लांबूनच नमस्कार करून पाहतो. ही इंजिनं लष्करासाठीच बनली, बाजारात कधी खपली नाहीत. त्यामुळे लष्करी साठ्यातले सुटे भाग संपले की मालकाला स्वतः घडवून घेण्याखेरीज मार्ग नाही.

तिसरी 'स्कॉर्पियन' आणि तिची भावंडं. वजनाला आठ टन, अंग अॅल्युमिनियमचं आणि सुरुवातीच्या गाड्यांत जग्वार मोटारीचं ४.२ लिटरचं इंजिन. २००२ च्या मार्चमध्ये या जातीच्या एका गाडीनं ताशी ८२ किलोमीटरचा वेग गाठून सर्वांत वेगवान रणगाड्याचा विक्रम नोंदवला. इथे एक धडा घेण्यासारखा आहे. ज्या लष्करी गाडीचं इंजिन साध्या मोटारीतही वापरलं गेलं, ती गाडी पोसायला सोपी. जग्वारचे भाग आजही मिळतात.

जमेची बाजू

या गाड्या चांगल्या मोटारीच्या किमतीत मिळून जातात, हे ऐकून आपल्याला नवल वाटतं. चाळीस वर्षांहून जुन्या वाहनाला ब्रिटनमध्ये रस्त्याचा करही नाही. यंत्र उघडंवाघडं असतं, संगणक नसतो, आणि लष्करी पुस्तिकेत प्रत्येक नट किती आवळायचा तेही लिहिलेलं असतं. अठरा-वीस वर्षांच्या शिपायाला अंधारात, पावसात दुरुस्त करता यावं, या हिशेबानं ते केलेलं असतं. हाताला काम हवं असणाऱ्या माणसाला यापरतं सुख नाही.

खरी कमाई मात्र वेगळीच आहे. या मालकांपैकी काही जण तरुणपणी याच गाड्यांत नोकरी केलेले आहेत. बाकीचे गिरणीतले फिटर, शेतकरी, शाळामास्तर. शनिवार-रविवारी ते एकत्र जमतात आणि कुठल्याच पुस्तकात नसलेलं ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जातं. डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टन इथे रणगाड्यांचं प्रसिद्ध संग्रहालय आहे. १९४३ साली ट्युनिशियात पकडलेला जर्मन 'टायगर' तिथे आजही स्वतःच्या बळावर चालतो. नुसतं उभं ठेवणं वेगळं आणि चालतं ठेवणं वेगळं. चालतं ठेवायला यंत्राची भाषा येणारी माणसं लागतात आणि ती अशाच शेडमधून तयार होतात.

खर्चाची बाजू

आता दुसरा रकाना. आपल्याकडे दारी हत्ती झुलणं हे वैभवाचं लक्षण. पण हत्ती दारी आणणं सोपं, त्याला रोज खायला घालणं कठीण. रणगाड्याचं अगदी तसंच.

तेलापासून सुरुवात करू. १९६५ च्या लढाईत आपण वापरलेला 'सेंच्युरियन' रणगाडा घ्या. त्याचं इंजिन २७ लिटरचं आणि किलोमीटरला चार-पाच लिटर पेट्रोल पिणारं. पण तेल हा लहान खर्च. पट्टे झिजतात, त्यांच्या खिळी झिजतात, पट्ट्याचा ताण वारंवार तपासावा लागतो. सैल राहिला तर वळताना पट्टा उतरतो आणि मग रस्त्यात आडव्या पडलेल्या त्या लोखंडी साखळीला पुन्हा चढवायला चार माणसं, पहार आणि घण लागतो. सैन्यात ती माणसं हाकेच्या अंतरावर असतात. खासगी मालकानं रविवारी दुपारी ती आणायची कुठून?

पट्ट्यांवरची गाडी रस्त्यावर चालवायला ब्रिटनमध्ये वेगळा परवाना लागतो. त्याला 'एच' वर्ग म्हणतात आणि वयाची एकवीस वर्षं पुरी व्हावी लागतात. रस्ता खरवडू नये म्हणून पट्ट्यांना रबरी तळवे लावावे लागतात. लांब न्यायची तर अवजड ट्रेलर भाड्यानं आणा. शिवाय पंधरा टनांची गाडी अंगणात उभी करण्याआधी जमिनीखालून शेजाऱ्याची गटाराची नळी गेली आहे का, तेही पाहा.

धोके तर सांगायलाच हवेत. झाकणं जड असतात. कुलपाची खुंटी नीट बसली नसेल तर धक्क्यासरशी ते बोटांवर येतं. बंद पोटात पेट्रोलची वाफ साचते, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी हवा खेळती करायची. जुन्या गॅस्केटमध्ये आणि ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या काही गाड्यांच्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियम असतं. त्या हौसेनं घासायच्या नाहीत. चालकाला समोरचं थोडं दिसतं, मागचं काहीच नाही. त्यामुळे वर उभं राहून वाट सांगणारा दुसरा माणूस नसेल तर गाडी हलवायचीच नाही.

आणि आत काय राहून गेलं आहे, हेही आधी तपासायचं. २०१७ साली एका ब्रिटिश संग्राहकाला जुन्या इराकी रणगाड्याच्या डिझेलच्या टाकीत सोन्याच्या पाच विटा सापडल्या. त्यानं त्या पोलिसांकडे दिल्या. सोनं एखाद्यालाच सापडतं. जुनी काडतुसं सापडण्याचा संभव त्याहून जास्त.

तोफेचा प्रश्न

तोफेच्या बाबतीत देशादेशांचे कायदे निराळे आहेत. ब्रिटनमध्ये हौशी माणसाच्या गाडीवरची तोफ नियमाप्रमाणे निकामी केलेली असते. अमेरिकेत मात्र सरकारी नोंदणी करून आणि २०० डॉलरचा कर भरून चालती तोफही ठेवता येत असे. त्याची किंमत कधी कधी फार मोठी पडते. २०२१ च्या एप्रिलमध्ये ओरेगन राज्यात दुसऱ्या महायुद्धातल्या 'हेलकॅट' गाडीत गोळ्याचा स्फोट होऊन दोघे जण जागीच गेले.

जर्मनीतली गोष्ट आणखी विलक्षण. २०१५ च्या जुलैमध्ये कील शहराजवळच्या हायकेनडॉर्फ गावात एका वृद्ध गृहस्थाच्या तळघरातून 'पँथर' रणगाडा, विमानविरोधी तोफ आणि पाणतीर बाहेर काढण्यात आले. रणगाडा ओढून काढायला सुमारे वीस जवानांना जवळजवळ नऊ तास लागले. १९७८ च्या हिवाळ्यातल्या भयंकर हिमवर्षावात याच रणगाड्यानं ते गृहस्थ बर्फातून फिरले होते, असं गावकरी सांगत. २०२१ साली कोर्टानं त्यांना स्थगित कैद आणि अडीच लाख युरोंचा भुर्दंड सुनावला. गावाला जी गंमत वाटत होती, ती कायद्याच्या दृष्टीनं युद्धसामग्रीच होती.

आणि ती युद्धसामग्री असते, हे जगानं २०२२ मध्ये पुन्हा पाहिलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात युक्रेनमधल्या एका धर्मादाय संस्थेनं लोकवर्गणी जमवली आणि ब्रिटनमधून स्कॉर्पियनच्याच कुळातल्या शंभराच्या आसपास गाड्या आघाडीसाठी विकत घेतल्या. ज्या जातीच्या गाड्या जत्रेत मुलांना फिरवत होत्या, त्याच जातीच्या गाड्या जखमींना उचलायला चिखलात उतरल्या. माझ्या ओळखीचा एक मालक त्यानंतर आपल्या गाडीला 'खेळणं' म्हणायचा बंद झाला.

आपण मालक आहोतच

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, आपल्याला रणगाडा घ्यायचाच नाही, मग हा जमाखर्च कशाला? एका अर्थानं आपण मालक आहोतच. सैन्यातून निवृत्त झालेले रणगाडे आपल्याकडे शाळा-कॉलेजांना, नगरपालिकांना, स्मारकांना दिले जातात. चौथऱ्यावर चढवतात, हार घालतात, फोटो निघतात. पुढे काय?

पुढे पाऊस. टरेटच्या फटीतून पाणी आत जातं, तळाची निचऱ्याची बुचं बंद असली तर तिथेच साचतं आणि पोलाद आतून कुजायला लागतं. बाहेरून रंग ताजा, आत तळं. मुलं वर चढतात, झाकण उघडं असेल तर आत उतरतात. शेजारच्या पाटीवरची अक्षरं दोन वर्षांत उडतात आणि हा कोणता रणगाडा, कुठे लढला, हे सांगणारं कुणी उरत नाही.

हे टाळायला पैसा फारसा लागत नाही. पावसाळ्याआधी तळाची बुचं उघडायची. झाकणं वेल्डिंगनं किंवा कुलपानं पक्की करायची. पट्टे ओल्या मातीत न ठेवता सिमेंटच्या पट्टीवर घ्यायचे. वर्षातून एकदा गंज घासून रंग द्यायचा. आणि पाटीवर रणगाड्याचं नाव, पलटण आणि लढाईचं वर्ष कोरून घ्यायचं, रंगवून नव्हे. गावात एखादा निवृत्त जवान असतोच. त्याला बोलवा, तो आनंदानं येईल.

पाटीचा आग्रह कशासाठी, तेही सांगतो. पूर्वीचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, इथे चिलखती दलाचं केंद्र आहे आणि १९९४ पासूनचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. त्या केंद्रात 'फामागुस्ता' नावाचा एक सेंच्युरियन जपून ठेवला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यातून लढले. रणगाडा पेटला, तरी बाहेर पडायला त्यांनी नकार दिला. वय होतं एकवीस. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. नाव माहीत नसेल तर तो सेंच्युरियन पन्नास टनांचं जुनं लोखंड आहे. नाव माहीत असेल तर त्याच्यापुढे माणूस आपोआप पायातली चप्पल काढतो.

रणगाड्याचा मालक होणं म्हणजे त्याच्या मागची माणसं आणि त्याचं तेल-पाणी, दोन्ही सांभाळणं. इंग्लंडातला फिटर हे स्वतःच्या खिशातून करतो. आपल्या गावच्या चौथऱ्यावरच्या रणगाड्यासाठी ते सगळ्यांनी मिळून करायचं आहे. येत्या मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, कुणीतरी त्याची बुचं तेवढी उघडून पाहावीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)