जीवनसत्त्व 'अ' आणि 'ड' : कमी नको, जास्तही नको

(नवरा-बायकोने एकत्र बसून वाचावे. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवावे.)



पवनेच्या काठचे पिंपळे गुरव हे पूर्वी शेतीचे गाव. आज तिथे भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांत जाणारी कितीतरी कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. अर्धे घर इथे, अर्धे गावाकडे. अशा एका घराचे उदाहरण घेऊ. तुमच्याही ओळखीत असे घर असेल.

नवरा रात्रपाळीला. बायको दिवसभर खोलीत. मुलगा अडीच वर्षांचा. बाईची कंबर दुखते, थकवा येतो. नवऱ्याला कोणीतरी सांगितले, "अहो, 'ड' कमी पडलं असेल, पुडी द्या." त्याने मेडिकलमधून पुड्या आणल्या आणि म्हणाला, "रोज एक घे." गावाहून सासूबाईंनी कॉड माशाच्या तेलाच्या गोळ्या पाठवल्या. "पोर अशक्त दिसतंय, त्यालाही दे आणि तूही घे." मुलाला गावी अंगणवाडीत 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मिळाला होता. कार्ड गावीच राहिले, म्हणून महिन्याभराने इकडे पुन्हा डोस दिला गेला. आणि त्याच महिन्यात बाईची पाळी चुकली.

या घरात कोणाचेही वाईट चिंतणारे कोणी नाही. सगळ्यांनी मायेनेच दिले. फक्त मोजले कोणी नाही.

ही दोन जीवनसत्त्वे कशासाठी लागतात?

'अ' जीवनसत्त्व डोळ्यांसाठी, कातडीसाठी आणि रोगाशी झुंजण्यासाठी लागते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात, आणि फारच कमी पडले तर मुलाची दृष्टी कायमची जाते. म्हणूनच आपल्या देशात १९७० सालापासून लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

'ड' जीवनसत्त्व अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांपर्यंत पोचवते. ते कमी पडले तर मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्या माणसांची हाडे मऊ पडतात, कंबर आणि मांड्या दुखतात.

जास्त झाले तर काय बिघडते?

'ब' आणि 'क' जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. जास्त झाली तर बहुतेक लघवीवाटे निघून जातात. 'अ' आणि 'ड' तेलातुपात विरघळतात. ती यकृतात आणि चरबीत साठून राहतात. रोज थोडे जास्त घेतले तरी साठा वाढत जातो. अति तेथे माती, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते.

'अ' फार झाले तर डोके दुखते, ओकारी येते, केस गळतात, कातडी सुटते, यकृत बिघडते. सन १५९७ मध्ये उत्तरेच्या बर्फात अडकलेल्या डच खलाशांनी पांढऱ्या अस्वलाचे काळीज खाल्ले. ते फार आजारी पडले आणि त्यांच्यातल्या काहींची कातडी सोलून निघाली. त्या काळजात 'अ' जीवनसत्त्व अफाट असते, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

'ड' फार झाले तर रक्तात कॅल्शियम वाढते. भूक जाते, ओकारी व मलावरोध होतो, सारखी तहान लागते, लघवी फार होते, मूत्रपिंडाला इजा होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'अ' वर्षानुवर्षे जास्त होत राहिले तर हाडे कमकुवत होतात. म्हणजे 'ड' मिळावे म्हणून कोणी माशाच्या यकृताचे तेल दुप्पट-तिप्पट घेतले, तर त्यातले 'अ'ही तितकेच वाढते आणि हाडांचे नुकसानच होते. दोन्हींचा मेळ असा सांभाळावा लागतो.

पुडीचा हिशोब

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ६०० युनिट 'ड' पुरते. बाजारातल्या एका पुडीत किंवा मोठ्या गोळीत ६०,००० युनिट असतात. म्हणजे एक पुडी ही शंभर दिवसांची गरज! म्हणूनच डॉक्टर ती सहसा आठवड्यातून एकदा आणि ठराविक आठवडेच देतात. तीच रोज घेतली तर महिन्यात १८ लाख युनिट पोटात जातात. आपल्या उदाहरणातल्या बाईकडून हीच चूक होत होती. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' लिहिले असेल तर वार ठरवून घ्या. बाजारचा दिवस ठरवला तर विसर पडत नाही.

ऊन आणि भाजी : सुरक्षित मार्ग

ऊन कितीही घेतले तरी 'ड' जीवनसत्त्व जास्त होत नाही. गरजेपेक्षा जास्त तयार झालेले कातडी स्वतःच मोडून टाकते. पण कोवळ्या उन्हात ते फार थोडे तयार होते. सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात तोंड, हात, पाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस बसावे. कातडी भाजेल इतके बसू नये. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामाला उपयोगी नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा नवरा आणि खोलीत राहणारी बायको, दोघांनाही ऊन कमी पडते. जेवणाआधी दोघे थोडा वेळ गच्चीवर जा. तान्ह्या बाळाला मात्र भर उन्हात ठेवू नका. त्याच्यासाठी 'ड'चे थेंब असतात.

'अ'चेही तसेच आहे. शेवग्याचा पाला, माठ, मेथी, कोथिंबीर, अळू, गाजर, तांबडा भोपळा, पिकलेला आंबा आणि पपई यांत 'अ' बनवण्याचा कच्चा माल असतो. शरीर त्यातून हवे तेवढेच 'अ' बनवते, बाकीचे तसेच ठेवते. म्हणून भाजी-फळांनी 'अ' कधी अति होत नाही. भाजीला थोडे तेल मात्र हवे. तेलाशिवाय हा माल अंगी लागत नाही.

काही तेलाच्या व दुधाच्या पिशव्यांवर अधिकचे चिन्ह आणि 'एफ' अक्षर असते. त्यांत 'अ' व 'ड' बेताने मिसळलेले असते. ते खुशाल वापरा.

मुलांचे डोस

'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात, गोवर-रुबेला लशीबरोबर : १ लाख युनिट, म्हणजे १ मिलिलिटर. दुसरा दीड वर्षाच्या सुमारास : २ लाख युनिट, म्हणजे २ मिलिलिटर. पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत. एकूण नऊ डोस.

डोस बाटलीबरोबरच्या खुणेच्या चमच्यानेच द्यायचा असतो. नोव्हेंबर २००१ मध्ये आसामात मोहिमेच्या वेळी चमच्याऐवजी मोठ्या मापाचे कप वापरले गेले आणि नंतर पुष्कळ मुले आजारी पडल्याच्या तक्रारी आल्या. मापाला किती महत्त्व आहे ते यावरून समजावे.

माता व बाल संरक्षण कार्ड गावी ठेवू नका. ते मुलाबरोबर प्रवास करू द्या. कार्ड नसेल तर नर्सबाईंना आधीच सांगा, "ताई, मागल्या महिन्यात गावी डोस झालाय." चुकून दोनदा झाला तर घाबरू नका. ओकारी किंवा किरकिर बहुधा एक-दोन दिवसांत थांबते. तरी आरोग्य केंद्रात कळवा.

'ड'चे थेंब तान्ह्या बाळाला दिवसाला ४०० युनिट देतात. काही बाटल्यांत १ मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, काहींत ८००. म्हणून बाटली बदलली की माप पुन्हा विचारा आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला वापरू नका.

दिवस राहण्याआधी आणि राहिल्यावर

आता सर्वांत महत्त्वाचे. गर्भाचे अवयव पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घडतात. पुष्कळ बायकांना तेव्हा दिवस राहिल्याचे नीट कळलेलेही नसते. या काळात गोळ्यांतून किंवा यकृताच्या तेलातून 'अ' फार गेले तर बाळात व्यंग येऊ शकते. गरोदर स्त्रीने दिवसाला १०,००० युनिटांच्या वर तयार 'अ' घेऊ नये. रक्त वाढावे म्हणून सासूबाई प्रेमाने कलेजी करतात, पण कलेजीत 'अ' फार असते. गरोदरपणी ती टाळावी. रक्तासाठी सरकारी लोहाच्या गोळ्या आहेत, डाळ, मटकी आणि पालेभाजी आहे.

मुरमांसाठी डॉक्टर 'आयसोट्रेटिनॉइन' नावाच्या गोळ्या देतात. त्या 'अ' जीवनसत्त्वाच्याच जातीच्या आहेत आणि गर्भाला फार घातक आहेत. त्या सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून, चालू असताना, आणि बंद केल्यावर निदान एक महिना पाळणा लांबवण्याचे साधन न चुकता वापरावे. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या कधीही घेऊ नयेत.

चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. दिवसाला दोन. प्रत्येक गोळीत 'ड'चे २५० युनिट असतात. म्हणजे रोज ५०० युनिट तिथूनच मिळतात. वेगळी पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र नको. दोन तासांचे अंतर ठेवा.

यात कुटुंब नियोजन कुठे आले?

मूल ठरवून झाले तर आईला तयारी करता येते. काय औषध चालू आहे, काय बंद करायचे, रक्त किती आहे, हे आधी पाहता येते. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर राहिले तर आईच्या शरीरातला साठा पुन्हा भरतो आणि पहिल्या लेकराला आईचे दूध व लक्ष पुरते मिळते. त्यासाठी निरोध, तांबी, गोळ्या, 'अंतरा' इंजेक्शन अशी साधने आहेत. 'अंतरा' चालू असताना हाडांचा घट्टपणा थोडा कमी होतो आणि इंजेक्शन थांबवल्यावर तो भरून येतो. त्या काळात दूध, नाचणी, तीळ आणि ऊन यांकडे लक्ष द्यावे. कुटुंब पूर्ण झाले असेल तर नवऱ्याची नसबंदी सोपी आहे. नवऱ्यांनो, याचाही विचार करा.

आपल्या उदाहरणातल्या जोडप्याने आता काय करावे? पुड्या व तेलाच्या गोळ्या थांबवून, सगळ्या बाटल्या, वेष्टने आणि कार्ड पिशवीत घालून दोघांनी दवाखान्यात जावे. काही लपवू नये. थोडे दिवस जास्त घेतले म्हणजे नुकसान झालेच असे नाही, पण डॉक्टरांना कळले पाहिजे.

ध्यानात ठेवा :

१. भाजी आणि ऊन आधी, गोळी नंतर.
२. पुडी रोजची की आठवड्याची, हे विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका.
३. दोन औषधांत एकच जीवनसत्त्व नाही ना, ते वेष्टनावर पाहा किंवा विचारा.
४. मुलाचे कार्ड कायम जवळ ठेवा.
५. पाळी चुकली की कोणतेही औषध घेण्याआधी दवाखाना गाठा.

शंका असेल तर आशाताई, नर्सबाई किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

मूल हवे तेव्हा, औषध हवे तेवढे!