जुन्या रेडिओवर एफएम : परिवर्तकाची जोडणी आणि चाचणी

लेखांक ६

व्हॉल्व्हच्या बहुतेक जुन्या रेडिओंवर मध्यम लहरी आणि लघुलहरी एवढेच पट्टे असतात. आकाशवाणी पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर त्यांत बसते, १०१ मेगाहर्ट्झवरची विविध भारती बसत नाही. ती ऐकण्यासाठी परिवर्तक लागतो.

एफएम लहरीची कंप्रता नुसती खाली उतरवून भागत नाही. एफएममध्ये वाहक लहरीची कंप्रता आवाजानुसार दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत हलते; मध्यम लहरींवर तर लगतच्या केंद्रांत ९ किलोहर्ट्झचेच अंतर असते. शिवाय एएम रेडिओ लहरीचा आयाम वाचतो. म्हणून एफएममधून आवाज आधी पूर्ण मोकळा करायचा आणि नंतर नव्या वाहक लहरीवर आयामाच्या रूपाने चढवायचा.

पहिले काम खिशातला एफएम रेडिओ करतो. दुसऱ्यासाठी धातूच्या डबीतला १ मेगाहर्ट्झचा तयार क्रिस्टल ऑसिलेटर, १००० ओहम आणि ८ ओहम बाजूंचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि चार रिचार्जेबल सेल (४.८ व्होल्ट) पुरतात. एफएम रेडिओच्या इअरफोन जॅकचे डावे-उजवे टोक प्रत्येकी १० ओहमच्या रोधातून एकत्र करून ८ ओहम बाजूला जोडावे. १००० ओहमची बाजू बॅटरीचे धन टोक आणि ऑसिलेटर यांच्यामध्ये घालावी. आवाजाबरोबर ऑसिलेटरचा पुरवठा कमी-जास्त होतो आणि त्याच्या लहरीचा आयामही तसाच बदलतो.

ऑसिलेटरच्या आउटपुटला प्लास्टिकचे आवरण असलेली फूटभर तार जोडून तिचे चार-पाच वेढे जुन्या रेडिओच्या एरियलच्या तारेभोवती द्यावेत. धातूला धातू लागू देऊ नये. एसी-डीसी प्रकारच्या रेडिओंची चासी थेट मेन्सला जोडलेली असते आणि तिचा जबर धक्का बसू शकतो.

चाचणी टप्प्याटप्प्याने करावी. प्रथम आवाज न देता ऑसिलेटर चालू करून काटा १००० किलोहर्ट्झवर आणावा. तिथली खरखर दबली, तर वाहक लहर पोहोचली. मग एफएमचा आवाज हळूहळू वाढवावा. बोलणे फाटू लागले की मॉड्युलेशन मर्यादेपलीकडे गेले. तिथून थोडे मागे यावे. एफएमच खरखरत असेल तर कारण बहुधा जॅकमध्ये असते, कारण खिशातल्या रेडिओत इअरफोनची तारच एरियलचे काम करते. जॅकपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतची तार सुमारे ७५ सेंटिमीटर ठेवावी. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची ती पाव लांबी आहे.

रात्री सुमारे १ किलोहर्ट्झची सतत शिट्टी ऐकू आली, तर ९९९ किलोहर्ट्झवरचे एखादे दूरचे केंद्र मिसळत असते. ऑसिलेटरची लहर चौकोनी असल्याने तिचा तिसरा गुणज ३ मेगाहर्ट्झवरही सापडतो.

शेवटी छोटा ट्रान्झिस्टर हातात घेऊन दूर जात पाहावे. परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही, त्यामुळे काही पावलांतच आवाज नाहीसा व्हायला हवा; न झाल्यास तार आखूड करावी. परिवर्तक नीट चालला तरी आवाजातली तार स्वरांची चमक कमीच राहते, कारण मध्यम लहरींचे बहुतेक रेडिओ साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झपर्यंतचेच ध्वनी पुढे जाऊ देतात. बातम्या, भाषणे आणि जुनी गाणी यांना तेवढे पुरते.