मेलेला नायक परत येतो तेव्हा

कथेतले पात्र मेले तर त्याचे सुतक कोणी पाळायचे, असे आपण म्हणाल. पण श्रोतेहो, विज्ञानकथांचे रसिक ते पाळतात, आणि पात्र पुन्हा उठले की त्याहून मोठा वाद घालतात.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९६६ साली सुरू झाली. तीतील स्पॉक हा अर्धा मानव, अर्धा व्हल्कन. भावनेला लगाम घालून तर्काने चालणारा. १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान' या चित्रपटात यान वाचविण्यासाठी तो किरणोत्सर्गाने भरलेल्या कक्षात शिरतो, बिघाड काढतो आणि मरतो. ही वार्ता आधीच फुटली होती. रसिक संतापले होते. म्हणून कर्त्यांनी आरंभीच एका लटक्या सरावयुद्धात त्याला मारून दाखविले. प्रेक्षक निर्धास्त झाले, आणि खरा घाव शेवटी बसला.

१९८४ साली स्पॉक परतला. मग त्या बलिदानाचे काय उरले, असे एक पक्ष विचारतो. दुसरा म्हणतो, त्यापायी कॅप्टन कर्कचा मुलगा गेला, यान त्याला स्वतःच्या हातांनी उडवावे लागले. मला हा पक्ष पटतो. आपला कच तरी फुकट का जगला? शुक्राचार्यांच्या पोटातून निघाला, म्हणून देवयानी त्याची बहीण ठरली!

२०१३ च्या 'इन्टू डार्कनेस'मध्ये मात्र कर्क तसाच मरतो आणि खानच्या रक्ताच्या जोरावर लगेच उठतो. गमावीत कोणी काहीच नाही. तेथे पहिल्या पक्षाला माझ्यापाशी उत्तर नाही.