पंखा बंद, कार्यक्रम सुरू

अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ १९५२ पासून रेडिओ सिलोनवरून ऐकू यायची, पण सयानी बोलायचे मुंबईत. ध्वनिमुद्रित टेप विमानाने कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री तिथून लागायची. निवेदक ‘आत्ता’ आपल्याशीच बोलतोय हा रेडिओचा आभास इतका जुना आहे. तेव्हा त्यामागे स्टुडिओ, स्पूल टेप आणि प्रायोजक कंपनी असे. आज यवतमाळ जिल्ह्यात पुसद, वणी किंवा दारव्ह्यातल्या घराच्या मागच्या खोलीत साधा संगणक तेवढेच काम करतो.

त्यातले आवडते हत्यार म्हणजे ‘ऑडॅसिटी’. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये ते सुरू केले, २००० मध्ये सर्वांना खुले केले. फुकट आहे आणि जुनाट संगणकावरही कुरकुर न करता चालते. एका पट्टीवर आपला आवाज, खालच्या पट्टीवर गाणे. पूर्वी आकाशवाणीत टेप ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडत; चुकीचा काप निस्तरणे म्हणजे डोकेदुखी. इथे दोन कळा दाबल्या की कापलेले परत येते.

खरा झगडा खोलीशी. यवतमाळचा मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या पुढे, आणि रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद, पंखाही बंद. म्हणून समजूतदार माणूस पहाटे बोलायला बसतो. स्लॅबच्या मोकळ्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि निवेदक विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. उपाय मात्र या जिल्ह्यात घरोघरी आहे: कापूस. माइकच्या मागे-पुढे गाद्या उभ्या केल्या, पाठीशी रजई टांगली की तंतूंमध्ये अडकलेल्या हवेच्या घर्षणात आवाजाची ऊर्जा जिरते. हे उंच स्वरांचे झाले. खर्जाला गादी काय करणार? वरातीतल्या डीजेचा ठोका सरळ आत येतो. दुर्गोत्सवाच्या रात्री रेकॉर्डिंगला बसूच नये. यवतमाळात तर नाहीच.

उरलेली घरघर सॉफ्टवेअर काढते. सुरुवातीला काही सेकंद गप्प बसायचे. ती रिकामी खोली नमुना म्हणून दाखवली की प्रोग्राम तेवढाच आवाज सगळीकडून कमी करतो. मात्र हाव केली की माणूस पाण्याखालून बोलू लागतो.

माइक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसत नाहीत. आवाजाचे शिखर शून्याच्या सहा डेसिबल खाली ठेवावे. गाण्याच्या सुरुवातीचे वाद्यसंगीत किती सेकंदांचे आहे ते मोजून गायक सुरू होण्याआधी आपले वाक्य संपवणे, ही खरी डीजेची कारागिरी. नवशिके प्रत्येक श्वास कापून टाकतात, ते मला पटत नाही. श्वास नसलेला निवेदक बसस्थानकावरची घोषणा वाटतो. वऱ्हाडीत ‘बोलून ऱ्हायलो’ म्हणणाऱ्याने माइकसमोर पुणेरी होण्याचेही कारण नाही.

आता हे पोचवायचे कसे? आकाशवाणीचे यवतमाळ केंद्र एफएमवर आहे, पण घरातून एफएमवर लावण्याची परवानगी एकट्या माणसाला मिळत नाही. बिहारमधल्या मन्सूरपूरच्या एका तरुणाने स्वस्तातला ट्रान्समीटर जोडून गावाला रेडिओ ऐकवला. २००६ मध्ये तो परवान्याअभावी बंद झाला. त्याच वर्षी सामुदायिक रेडिओचे दार स्वयंसेवी संस्थांना उघडले, तेही साधारण शंभर वॅटपुरते. घरच्या डीजेला राहते इंटरनेट. अर्ध्या तासाची सीडीच्या दर्जाची फाइल तीनशे एमबीच्या वर जाते. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत ती तिशीच्या आत येते.

गाण्यांचा प्रश्न अधिक चिवट. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो, पण गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ‘जुनं आहे, चालतं’ हे चालत नाही. त्यापेक्षा होळीत तांड्यावर जाऊन बंजाऱ्यांची लेंगी गाणी रेकॉर्ड करावीत, केळापूरकडे कोलामांची गाणी ऐकावीत. परवानगी देणारा समोरच बसलेला असतो. ती माइक सुरू करून त्याच्याच आवाजात घ्यावी. उघड्यावर माइकला स्पंजची टोपी मात्र घालावी, नाहीतर गाण्याआधी वारा ऐकू येतो.