शिट्टी झाली, आता गॅस बारीक

स्वयंपाकघरात पर्यावरणाचा विषय निघाला की बोलणं प्लास्टिकच्या पिशव्या आणि ओल्या कचऱ्यापाशी संपतं. शेगडीच्या ज्योतीकडे कुणी बघत नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो; तो संपेपर्यंत चाळीस किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणावा लागतो.

पातेल्यातलं पाणी उकळू लागलं की १०० अंशांच्या आसपास थांबतं. मग ज्योत कितीही मोठी करा, डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ वाढते. आणि वाफ महाग असते. लिटरभर पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट ते पूर्ण आटवायला लागते. म्हणून उकळी फुटली की वर झाकण आणि गॅस बारीक.

कुकरमध्ये वाफ कोंडते, तापमान १२० अंशांपर्यंत चढतं. ही युक्ती फ्रान्सच्या देनी पापँने १६७९ साली दाखवली. शिट्टी म्हणजे नको झालेली वाफ, बाहेर टाकलेली उष्णता. तरी आपल्या पाककृती अजून ‘पाच शिट्ट्या’ लिहितात! ही सवय मोडायलाच हवी असं मला वाटतं. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून मिनिटं मोजावीत. डाळ आधी भिजवली असेल तर तीही कमी लागतात. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यावी, कारण आत शिजणं चालूच असतं.

कोंडलेल्या उष्णतेवर किती भागतं, हे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेच्या सराई कुकरमध्ये दिसतं. डॉ. आनंद कर्वे यांच्या या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा तयार केला. तसल्या शंभरेक ग्रॅम कोळशावर छोट्या कुटुंबाचा वरण, भात, भाजी असा स्वयंपाक वाफेवर होतो.

सराई नसला तरी घरात गोधडी असतेच. अर्धा शिजलेला भात पातेल्यासकट तिच्यात घट्ट गुंडाळून ठेवला की उरलेलं काम आतली ऊब करते. तो गरम असतानाच वाढावा. राजमा मात्र असा कधीच शिजवू नये. कमी तापमानात त्यातला विषारी अंश जात नाही. तो भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्येच शिजवावा.