काटा पडला की पंपच का बदलायचा?

कोडोली-वारणा भागात ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरची इंजिनं उघडली जातात. क्रँक घासून येतो, नवी बेअरिंगं बसतात, इंजिन बांधून होतं आणि तेल तापलं की आयडलला ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो. त्यावर ठरलेलं निदान एकच: पंप गेला. नवा पंप बसतो, काटा थोडा उचलतो, सगळे समाधान मानतात. मग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) वाजायला लागतं आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहतो. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे, म्हणूनच या निदानाचा राग येतो. पंप प्रेशर तयार करत नाही. तो दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो; त्या तेलाला बाहेर पडताना जेवढा अडथळा होतो, तेवढं प्रेशर काट्यावर दिसतं. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, तेव्हा मोटर काही बदललेली नसते. इंजिनात अंगठ्याचं काम बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली बारीक फट करते. ढोबळ हिशेबाने शाफ्टच्या दर इंच व्यासाला एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) फट धरतात, म्हणजे अडीच इंची जर्नलला अडीच थाउ. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलचाच घ्यावा. अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अडीचच्या जागी पाच थाउ झाले, तर त्याच प्रेशरला तेल आठपट वाहून जाईल. तेवढी तूट कोणता नवा पंप भरून काढणार?

यावर हमखास येणारा प्रश्न असा: क्रँक नुकताच घासलाय, बेअरिंग नवं आहे, मग फट वाढेल कशी? मोजलं नाही तर सहज वाढते. क्रँक वीस थाउ घासला आणि शेल दहाचे बसवले, तर दहा थाउची जादा फट आयतीच मिळाली. ग्राइंडिंगमध्ये जर्नल निमुळता राहतो, मेन बेअरिंगच्या कॅप अदलाबदल होतात, कॅमचे बुश आणि रॉकर शाफ्ट जुनेच राहतात, ब्लॉक धुताना काढलेला गॅलरीचा प्लग परत लावायचा राहून जातो. पंपही दोषी असू शकतो, हे खरंच. पण त्याच्या गिअरची आणि कव्हरची झीज फीलर गेजने मोजता येते, त्यासाठी अंदाज बांधावा लागत नाही. काट्याची चालही बोलते. इंजिन थंड असताना ठीक, गरम आयडलला कमी आणि रेस दिल्यावर पुन्हा वर, असं असेल तर आधी फटींवर संशय घ्यावा. सगळ्याच वेगांना कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकलाय का ते पाहावं. काटा थरथरत असेल तर चेंबरमधली तेलाची पातळी, सक्शन पाइपचा सांधा आणि जाळीवर चिकटलेली गॅस्केटची पेस्ट तपासावी.

दुसरा लाडका उपाय जाड तेलाचा. एसएई जे३०० मानकानुसार शंभर अंश सेल्सिअसला ४० ग्रेडच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतो आणि ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९. त्यामुळे काटा वर जाणारच, फट मात्र तेवढीच राहते. 'रनिंग झालं की प्रेशर येईल' हेही खोटं, कारण चालून बेअरिंगची फट वाढते, कमी होत नाही. प्रेशर जितकं जास्त तितकं चांगलं, असंही नाही. पुढे वाट तुंबली तरी काटा चढतो. शाफ्टचा भार पंपाचं प्रेशर उचलतं, हा समज तर १८८३ सालीच मोडला. अभियंते बीचम टॉवर यांच्या प्रयोगात फिरत्या शाफ्टनेच तेलाच्या थरात भारामुळे येणाऱ्या सरासरी दाबाच्या दुपटीहून जास्त दाब निर्माण केला, आणि १८८६ साली ऑसबोर्न रेनल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. पंपाचं काम तिथवर तेल पोचवण्याचं.

म्हणून इंजिन बांधायला देताना मालकाने मिस्त्रीकडे प्रत्येक जर्नलचं आणि बेअरिंगचं माप कागदावर मागावं. काटा पडलाच, तर डॅशबोर्डच्या विजेच्या मीटरवर विसंबू नये. आधी यांत्रिक गेज लावून गरम इंजिनाचं प्रेशर मॅन्युअलशी ताडावं, आणि कारण सापडेपर्यंत ट्रॉली जोडू नये.