शाईचा छापा आणि भुकटीचा छापा

शाळेसाठी इंकजेट प्रिंटर घ्यावा की लेसर, असा प्रश्न लोहा तालुक्यातील शिक्षकबंधुभगिनी वारंवार विचारतात. उत्तरापूर्वी दोन्ही यंत्रांची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

इंकजेट यंत्रात पातळ शाई असते. केसाहूनही बारीक अशा अनेक छिद्रांतून तिचे सूक्ष्म थेंब कागदावर नेमक्या जागी उडविले जातात व कागद ते शोषून घेतो. लेसर यंत्रात शाई मुळी नसतेच. असते ती टोनर नावाची कोरडी भुकटी. विद्युत्‌भारित रुळावर लेसर किरण अक्षरांची अदृश्य आकृती उमटवितो. त्या आकृतीवर भुकटी चिकटते, कागदावर उतरते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेने वितळून त्याच्याशी एकजीव होते. झेरॉक्स कंपनीतील अभियंते गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ साली असे यंत्र सिद्ध केले. कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. भुकटी का चिकटते हे मुलांच्या सहज ध्यानी येईल.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. एका पावसाळ्यात ऊसतोडीहून परतलेल्या एका पालकाने भिजलेला शाळा सोडल्याचा दाखला माझ्यापुढे ठेवला. मुलीच्या जन्मतारखेच्या जागी निळसर डाग उरला होता. दाखल्याची दुसरी प्रत मिळेपर्यंत तिचा नव्या शाळेतील प्रवेश खोळंबला. पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा हा दोष होय. भुकटीचे अक्षर पाण्याने ओघळत नाही. इंकजेटच्या काही शाया पाणी सोसतात. तथापि छापलेल्या रद्दी कागदावर थेंब टाकून बोटाने पुसून पाहावे व मगच विश्वास ठेवावा.

रंगीत तक्ते व चित्रे यांस इंकजेट उत्तम. दाखले व प्रश्नपत्रिका यांस लेसर. इंकजेट यंत्र सुटीत बंद राहिल्यास छिद्रांत शाई सुकते. म्हणून आठवड्यातून एक पान छापावे. लेसर यंत्र तापताना एकदम पुष्कळ वीज ओढते. ते लहान इन्व्हर्टरवर चालवू नये. भुकटी सांडल्यास थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी. गरम पाण्याने डाग पक्का बसतो.

ज्या शाळेत लेसर यंत्र नाही, तिने दाखले व स्थलांतरित मुलांची शिक्षण हमी कार्डे अन्यत्र लेसरवर छापून घ्यावीत, ही आग्रहाची विनंती.